वयाच्या नावावर खपवलेलं आम्ल

"कागदच तो. आज ना उद्या पिवळा पडणार, तुकडे होणार. त्याला कोण काय करणार?" कुठल्याही सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेत जुन्या पुस्तकांचा विषय निघाला की कोणीतरी ज्येष्ठ सभासद हे वाक्य म्हणतात, कार्यकारिणी माना डोलावते आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. पाठोपाठ एखादा तरुण, उत्साही सभासद पुस्ती जोडतो, "आता सगळं स्कॅन करता येतं. जागा किती दिवस अडवायची?" ज्येष्ठांचा वैराग्ययोग आणि तरुणांचा तंत्रयोग असा जुळला की रद्दीवाल्याला निरोप जायला वेळ लागत नाही.

या मताची बाजू होईल तितकी नीट मांडायची तर ती अशी. कागद वनस्पतीपासून होतो आणि वनस्पती कुजते, तेव्हा कागदही कुजणार. त्यात आपली हवा दमट, शिवाय कसर, वाळवी आणि गळकी छपरं. अशा देशात पुस्तक ऐंशी वर्षं टिकलं हेच पुष्कळ झालं. महत्त्वाचा असतो तो मजकूर, आणि तो संगणकात गेला की कागदाचं काम संपलं. कागद जपण्याचे शास्त्रीय उपाय असतीलही, पण ते अमेरिकेला परवडतात, आपल्याला नाही. आणि ज्यांना जुन्या पुस्तकांचा वास फार आवडतो त्यांनी तो आपापल्या घरी घ्यावा, संस्थेच्या खर्चाने नको. ऐकायला सगळं कसं समंजस वाटतं. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे. जे चुकीचं नाही, ते अर्धवट आहे.

वयापासूनच सुरुवात करू. कागद वयानेच मरत असेल, तर जितका जुना कागद तितकी वाईट अवस्था असायला हवी. पुण्याच्या पेशवे दफ्तरातली अठराव्या शतकातली मोडी पत्रं पाहा. रुमाल सोडला, कागद उलगडला, वाचला, पुन्हा घडी घातली. कागदाची तक्रार नाही. कसरीने पाडलेली भोकं असतील, पाण्याचे डाग असतील, पण कागद वाकतो, तुटत नाही. आता १९४५च्या आसपासची एखादी मराठी कादंबरी घ्या. पान उलटताना शिवणीपाशी कट्‍ असा आवाज येतो आणि पान सुटून हातात येतं. कोपरा दुमडला तर कोपरा तुटतो. अडीचशे वर्षांचं पत्र धडधाकट आणि ऐंशी वर्षांची कादंबरी मरणपंथाला, हे कुठल्या वयोमानात बसतं? बरं, दोन्ही एकाच शहरात राहिलेली. तोच पावसाळा, तीच दमट हवा, तीच कसर. म्हणजे वयाबरोबर हवामानाचाही युक्तिवाद इथेच लंगडा झाला. हवा दमट आणि उष्ण असेल तर नाश वेगाने होतो, हे खरं आहे. पण हवा वेग देते. नाशाचं मूळ त्या कागदातच, तो बनवला त्या दिवशीच घातलेलं असतं.

ते मूळ म्हणजे आम्ल. कागदाचा जीव सेल्युलोजमध्ये असतो. ग्लुकोजचे शेकडो-हजारो घटक मण्यांच्या माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात आणि या लांब माळांमुळे कागदाला बळकटी येते. कागदात आम्ल असेल आणि हवेतला थोडासा ओलावा मिळाला, की माळेतले दोन मण्यांमधले दुवे तुटू लागतात. माळा आखूड होत जातात. वरून पाहिलं तर पुष्कळ काळ काहीच दिसत नाही. अक्षरं तशीच, पानं तशीच. मग एक दिवस पान वाकवलं की मोडतं. यातली खरी दुष्ट गोष्ट अशी की आम्ल या कामात खर्च होत नाही. दुवा तोडला की ते पुढच्या दुव्याकडे मोकळं. शिवाय कागद विघटित होताना फॉर्मिक आणि ॲसेटिक यांसारखी नवी आम्लं तयार होतात, म्हणजे नाशाला नाशाचंच इंधन मिळतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा सगळा उद्योग साधारण दुप्पट किंवा त्याहून अधिक वेगाने चालतो. पत्र्याच्या छपराखालच्या पोटमाळ्यावर जुने अंक ठेवणाऱ्या संस्थांनी हे वाक्य दोनदा वाचावं. आम्लता मोजायच्या सामूच्या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. सात म्हणजे उदासीन, पाच म्हणजे त्याच्या शंभरपट आम्ल. ठिसूळ झालेल्या जुन्या पुस्तकांचा सामू पाच आणि चारच्या दरम्यान सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे.

हे आम्ल आलं कुठून? आकाशातून पडलं नाही. (थोडं पडतंही, कोळशाच्या धुरातला गंधक कागद शोषून घेतो. पण तो किरकोळ हिशेब.) जुन्नरला, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात जो हातकागद होई, त्यात ताग, अंबाडी, जुनी पोती, दोर, चिंध्या असा माल कुटून लगदा करत आणि तो शुद्ध करायला चुना वापरत. वाळलेल्या तावाला तांदळाची किंवा गव्हाची खळ लावत आणि गुळगुळीत दगडाने तो घोटत. चुन्याचा अंश कागदात राही आणि पुढे जे काही आम्ल निर्माण होईल ते निमूटपणे मारत राही. त्या कारागिरांनी रसायनशास्त्राचं पुस्तक वाचलं नव्हतं, पण त्यांच्या रांजणात चुना होता. त्यावर लिहायची शाईही काजळाची, कागदाशी भांडण न करणारी. युरोपातली लोहयुक्त शाई मात्र स्वतःच आम्ल. तिने तिकडच्या कित्येक हस्तलिखितांत अक्षरांच्या आकाराची छिद्रं पाडली आहेत.

मग यंत्रयुग आलं. कागदाचा खप वाढला, चिंध्या पुरेनात. १८०७ साली जर्मनीत मोरित्झ फ्रीडरिश इलिग याने एक युक्ती जाहीर केली. शाई फुटू नये म्हणून तयार ताव सरसाच्या द्रावणात बुडवून काढण्याऐवजी लगद्यातच राळ आणि तुरटी घालायची. स्वस्त, सोपं आणि यंत्राला सोयीचं. पुढे तुरटीची जागा ॲल्युमिनियम सल्फेटने घेतली. त्याला ओलावा मिळाला की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. म्हणजे कागद फाटू नये म्हणून आपण त्याला पुठ्ठ्याची बांधणी करत होतो आणि कारखानदार आतल्या प्रत्येक तावात गंधकाम्लाची सोय करून ठेवत होते. १८४४च्या सुमारास सॅक्सनीतल्या फ्रीडरिश गोटलोब केलरने आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या चार्ल्स फेनर्टीने, एकमेकांना न ओळखता, लाकूड दगडावर घासून लगदा करण्याची रीत काढली. त्या लगद्यात लाकडातलं लिग्निनही जसंच्या तसं आलं. वर्तमानपत्राचा कागद उन्हात दोन दिवसांत पिवळा पडतो तो या लिग्निनमुळे.

"तेव्हा कोणाला ठाऊक होतं?" असं लगेच विचारलं जाईल. ठाऊक होतं. जॉन मरे नावाच्या स्कॉटिश माणसाने १८२३ मध्ये लंडनच्या एका नियतकालिकाला पत्र लिहून आणि पुढच्या वर्षी स्वतंत्र पुस्तिका काढून तक्रार केली होती. त्याच्याजवळचं, १८१६ साली छापलेलं बायबल त्याच्या डोळ्यांदेखत भुगा होत होतं. सात-आठ वर्षांचं पुस्तक! त्याने कागद तपासला आणि रंग उडवायला वापरलेली रसायनं व तुरटी यांच्याकडे थेट बोट दाखवलं. लाकडी लगदा यायच्या वीस वर्षं आधी. तेव्हा अज्ञानाची ढाल कोणी पुढे करू नये. नवा कागद वाईट आहे हे माहीत होतं. तो स्वस्त आहे हेही माहीत होतं. दोन माहितींपैकी कोणती बाजारात चालली, हे सांगायला नको.

आता हे सगळं मराठीच्या वाट्याला कसं आलं ते पाहा. मराठी छापील वाङ्मयाचा बहर आणि कागदाचा सर्वांत वाईट काळ हे बरोबर एकमेकांवर पडले. 'दर्पण' १८३२चा; तेव्हा लाकडी लगदा जन्मालाही आला नव्हता. 'केसरी' १८८१चा, 'मनोरंजन' मासिक १८९५चं, त्याचा पहिला दिवाळी अंक १९०९चा. म्हणजे वृत्तपत्रं, मासिकं, क्रमशः कादंबऱ्या, नाटकांची पुस्तकं, स्त्रियांची मासिकं, जातीजमातींची आणि चळवळींची मुखपत्रं ही जी आपल्या समाजाच्या बोलण्याची सगळ्यांत मोठी नोंद आहे, ती आम्लयुक्त, स्वस्त, लाकडी लगद्याच्या कागदावर झाली. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई आली, नियंत्रण आलं. हाती लागेल तो भुरकट कागद घेऊन प्रकाशकांनी पुस्तकं काढली. त्यांचे आभारच मानायला हवेत, कारण न काढण्यापेक्षा ते बरं होतं. स्वातंत्र्यानंतर वृत्तपत्री कागदाचा देशातला पहिला कारखाना बऱ्हाणपूरजवळ नेपानगरला उभा राहिला आणि १९५५ मध्ये उत्पादन सुरू झालं. वृत्तपत्रांची सोय झाली. पण वृत्तपत्री कागद हा दुसऱ्या दिवशी रद्दीत जाण्यासाठीच केलेला असतो आणि आपल्याकडे त्यावर मासिकं, दिवाळी अंक, कथासंग्रह, कविता असं सगळं छापलं गेलं. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती, त्यातल्या बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांनी घेतलेल्या. घरातल्या प्रती घरं बदलताना गेल्या. उरल्या त्या वाचनालयांत. आणि तिथे आपण म्हणतो आहोत, कागदच तो.

शंकर गणेश दाते यांनी मराठी ग्रंथसूची सिद्ध केली, १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची. एका माणसाने ते काम पेललं याचं कौतुक आपण भाषणांतून करतो. त्या सूचीतल्या किती पुस्तकांची एकतरी न मोडणारी प्रत आज आपल्याकडे आहे, हा प्रश्न मात्र त्या भाषणांत कधी येत नाही.

जाता जाता त्या वासाबद्दल. जुन्या पुस्तकांच्या वासावर आपल्याकडे बरंच ललित लिहिलं गेलं आहे आणि रसिक मंडळी पुस्तक उघडून, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतात. त्या वासात ॲसेटिक आम्ल असतं, फर्फुराल असतं, लिग्निनमधून सुटलेलं व्हॅनिलिनसुद्धा असतं. हे सगळे कागद तुटत असताना हवेत जाणारे पदार्थ आहेत. संशोधक तर हा वास यंत्राने मोजून कागद किती बिघडला याचा अंदाज घेतात.  तेव्हा हुंगा, पण कशाचा आस्वाद घेताय ते कळू द्या.

"आम्ही काळजी घेत नाही असं थोडंच आहे?" हा वाचनालयांचा दुखावलेला सूर. काळजी घेतात, पण कशी? कपाटात डांबरगोळ्या ठेवतात, कडुनिंबाचा पाला ठेवतात. कीड पळेल, आम्लाला डांबरगोळीचं काय? पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घालतात. तो खाकी कागद बहुधा स्वतः आम्लयुक्त असतो. पान फाटलं की पारदर्शक चिकटपट्टी. काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तिचा डिंक तपकिरी होऊन अक्षरांत कायमचा मुरतो. आम्ल एका कागदातून शेजारच्या कागदात जातं, हे तर कोणीही स्वतःच्या कपाटात पाहू शकतो: चांगल्या कागदाच्या पुस्तकात वर्तमानपत्राचं कात्रण ठेवून विसरून जा, काही वर्षांनी त्या दोन पानांवर कात्रणाच्या मापाचा तपकिरी चौकोन उमटलेला असतो. दुरुस्तीचं नाव घेऊन बाइंडरकडे गेलेलं पुस्तक तीन बाजूंनी कापून, समास गमावून, शिवणीत इतकं घट्ट होऊन येतं की ते पूर्ण उघडतच नाही; ठिसूळ पान तर अशा शिवणीवरच मोडतं.

आणि लॅमिनेशन! मौल्यवान कागद म्हणून तो प्लास्टिकमध्ये बंद करून घेणारे कार्यकर्ते जागोजाग आहेत. या बाबतीत अमेरिकेतल्या विल्यम बॅरो या माणसाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९३०च्या दशकात त्यानेच सेल्युलोज ॲसिटेटच्या पातळ पापुद्र्यात कागद उष्णतेने बंद करण्याचं यंत्र चालवलं. पुढे त्याच्याच लक्षात आलं की आतला कागद बिघडतोच आहे, कारण आम्लही आतच बंद झालं आहे. तेव्हा त्याने आधी आम्ल मारायचं आणि मगच पापुद्रा लावायचा अशी रीत घेतली. आपण त्याच्या शोधाचा पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला.

याच बॅरोने १९५९ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. १९०० ते १९४९ या काळात छापलेली ५०० पुस्तकं तपासून त्याने निष्कर्ष काढला की त्यांतल्या ९७ टक्के पुस्तकांचं आयुष्य पन्नास वर्षांपेक्षा जास्त नाही. या आकड्याने अमेरिकन ग्रंथालयांत घबराट पसरली आणि घबराटीतून एक नवं शहाणपण निघालं: पुस्तकं मरणारच आहेत, तर सूक्ष्मपटावर (मायक्रोफिल्मवर) फोटो घ्या आणि मूळ फेकून द्या. मोठमोठ्या ग्रंथालयांनी वृत्तपत्रांचे वर्षानुवर्षांचे बांधीव खंड पातं चालवून सुटे केले, फोटो घेतले आणि रद्दी केली. १९८७ मध्ये 'स्लो फायर्स' नावाचा माहितीपट आला; त्यात पुस्तकं सावकाश जळत आहेत असा इशारा होता. इशारा खरा होता, पण त्या धुराकडे बोट दाखवून घर रिकामं करणारेही होते. निकल्सन बेकर या कादंबरीकाराने २००१ साली 'डबल फोल्ड' या पुस्तकात या सगळ्या कारभाराची सालं काढली. पुस्तकाचं नाव ज्या चाचणीवरून आलं, तीत पानाचा कोपरा इकडे-तिकडे दुमडून तो कधी तुटतो ते बघत आणि तुटला की पुस्तक बाद. बेकरचा प्रश्न साधा होता: वाचताना कोण पान दुमडतं? दुमडल्यावर मोडणारं पान अलगद उलटलं तर आणखी कित्येक वर्षं वाचता येतं. ब्रिटिश लायब्ररी अमेरिकन वृत्तपत्रांचे जुने खंड काढून टाकत होती तेव्हा, १९९९ मध्ये, बेकरने स्वतःची पुंजी घालून त्यातले खंड विकत घेतले. ते आज ड्यूक विद्यापीठात आहेत.

मला बेकरचा राग पटतो. पण त्याच्या काही चाहत्यांनी त्यातून काढलेला अर्थ, की आम्लाची भानगड फुगवलेली होती, तो पटत नाही. आम्ल खरं आहे. खोटी होती ती घाई. आपल्याकडे गंमत अशी की आम्लाचं ज्ञान पोचायच्या आधी फेकण्याची घाई पोचली. आपल्या समित्या पुस्तक ठिसूळ आहे की नाही हेही तपासत नाहीत; पिवळं दिसलं की बाहेर. पिवळेपणा आणि ठिसूळपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिग्निनमुळे पिवळा झालेला कागद, त्यात आम्ल मारणारा चुन्याचा अंश असेल तर, बळकट राहू शकतो. आणि पांढराशुभ्र दिसणारा, राळ-तुरटीचा कागद आतून संपलेला असू शकतो. रंग बघून पुस्तकाचा निकाल लावणाऱ्यांनी निदान एक पान अलगद वाकवून पाहायला काय हरकत आहे?

आता स्कॅनचा हुकमी पत्ता. ज्या सूक्ष्मपटासाठी अमेरिकेत वृत्तपत्रं बळी गेली, त्यांतले कित्येक जुने पट ॲसिटेटचे होते. ॲसिटेट बिघडू लागलं की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, डब्यातून व्हिनेगरचा वास येतो, पट आक्रसतो, सुरकुततो. आणि ते आम्लही पुन्हा स्वतःच्याच नाशाला हातभार लावतं. आम्लापासून सुटका म्हणून जिथे मजकूर नेला, तिथेही आम्लच वाट पाहत बसलं होतं. यापेक्षा अधिक उपरोध कोणा लेखकाला सुचला नसता.

"तो सूक्ष्मपट झाला, हे डिजिटल आहे," असं उत्तर येतं. बरं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा आपल्याच देशाचा भला मोठा उपक्रम. त्यातल्या मराठी पुस्तकांच्या फाइली ज्यांनी उघडल्या आहेत त्यांना माहीत आहे: पानं गायब, पानं तिरकी, समासातली अक्षरं कापलेली, राखाडी चित्रांचे काळे डाग, आणि पुस्तकाचं नाव रोमन लिपीत असं काही लिहिलेलं की लेखकालाही सापडू नये. पुढे ते संकेतस्थळच बंद पडलं. इंटरनेट अर्काइव्हवर त्याच्या प्रती गेल्या होत्या म्हणून बऱ्याचशा फाइली आज हाताशी आहेत. सातासमुद्रापारच्या एका संस्थेच्या कृपेने. आता सांगा, स्कॅनमध्ये सुटलेलं पान बघायला कुठे जायचं? मूळ प्रतीकडे. ती कुठे आहे? स्कॅन झालं म्हणून रद्दीत. मी स्कॅनच्या विरोधात नाही, हवं तितकं करा. ठिसूळ पुस्तक वारंवार हाताळावं लागू नये यासाठी तर ते हवंच. पण स्कॅन हा मूळ प्रत जपण्याचा उपाय असताना ती मोडीत काढण्याचा परवाना कधी झाला, आणि तो कोणी दिला?

शेवटचा बुरुज खर्चाचा. मोठ्या प्रमाणावर आम्ल मारणं खर्चिक आहे, हे कबूल. लायब्ररी ऑफ काँग्रेसने तर आधी डायइथाइल झिंकच्या वाफेचा प्रयोग केला. हा पदार्थ हवेशी संबंध येताच पेट घेतो. १९८५-८६ मध्ये नासाच्या आवारातल्या त्यांच्या प्रायोगिक संयंत्रात अपघात झाले आणि पुढे तो नाद सोडावा लागला. १९९५ पासून त्यांनी मॅग्नेशियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण पुस्तकात पोचवण्याची रीत वापरली. हे आपल्या तालुक्याच्या वाचनालयाने करावं असं कोणी म्हणत नाही. पण सगळे उपाय याच मापाचे आहेत असं भासवून काहीच न करणं, हा लबाडपणा आहे. सुट्या कागदांचं आम्ल मारायला चुन्याची निवळी वापरण्याची पद्धत जुनी आहे, भारतातल्या अभिलेखागारांत ती माहितीची आहे. ती शिकलेल्या हातांनीच करावी लागते, शाई विरघळते का ते आधी पाहावं लागतं, आणि गेलेली ताकद तिने परत येत नाही. पण उरलेली टिकते. याहूनही स्वस्त असं पुष्कळ काही आहे. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावरून अंक तळमजल्यावर आणणं. उन्हाची तिरीप पडणारं कपाट हलवणं. पुस्तकांतली कात्रणं, चिठ्ठ्या, रिबिनी काढून टाकणं. मोडणाऱ्या पुस्तकाला चिकटपट्टीऐवजी सुती नाडी बांधून आम्लमुक्त पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवं ठेवणं. सामू दाखवणाऱ्या पट्ट्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. सत्कारसमारंभाच्या शाली-नारळांतून यातलं बरंच भागेल.

आणि सर्वांत स्वस्त उपाय नव्या पुस्तकांच्या बाबतीत आहे. आम्लाचं युग जगात बऱ्याच अंशी संपलं, ते ग्रंथप्रेमामुळे नाही. १९५०च्या दशकापासून राळ-तुरटीला पर्याय आले, खडूची भुकटी भरलेला कागद जास्त पांढरा आणि स्वस्त पडतो असं गिरण्यांना दिसलं, आणि खडूला आम्ल चालत नाही, म्हणून त्यांनी रीत बदलली. भारतातल्या गिरण्याही त्या वाटेने गेल्या. मग शासनांनी आणि मानकसंस्थांनी शिक्का मारला: अमेरिकेने १९९० साली महत्त्वाच्या सरकारी प्रकाशनांसाठी टिकाऊ कागदाचं धोरण कायद्याने ठरवलं, १९९४ मध्ये आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. सामू साडेसात ते दहा, आम्ल मारायला शिल्लक खडू निदान दोन टक्के, लिग्निन जवळजवळ नाही, फाटण्याला ठरावीक प्रतिकार. असा कागद वापरला की पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर वर्तुळातलं अनंताचं चिन्ह छापायचं. आपल्याकडच्या पुस्तकांत त्या पानावर अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मांडणी, मुद्रक, आवृत्ती, किंमत, हक्क सगळं असतं. कागदाचा पत्ता नसतो. प्रकाशकाला विचारलं तर तो कागदाचं वजन सांगतो, हलका आणि डोळ्यांना सुखद आहे म्हणतो. सामू विचारला तर तो छापखान्याकडे बोट दाखवतो, छापखाना कागदव्यापाऱ्याकडे, आणि व्यापारी तुमच्याकडे बघत राहतो. शासकीय अनुदानातून आणि साहित्य संस्थांच्या पैशातून निघणाऱ्या ग्रंथावलींना तरी ही एक ओळ छापण्याची सक्ती करायला कोणाचा विरोध आहे? पुण्यात १९४०पासून हातकागदाची संस्था आहे. कागदाचं ज्ञान आपल्याला परकं आहे असं म्हणायचीही सोय नाही.

मराठी पुस्तक म्हातारपणाने मेलेलं नाही. एका पिढीने स्वस्त म्हणून आम्ल घातलं, दुसरीने काळजीच्या नावाखाली ते प्लास्टिकमध्ये बंद केलं, आणि तिसरी आता तत्त्वज्ञान सांगत ते रद्दीच्या काट्यावर टाकते आहे. प्रत्येक पायरीवर कोणीतरी निर्णय घेतला आहे. म्हणून निर्लेखनाच्या यादीत जो कारणाचा रकाना असतो, तिथे यापुढे 'जीर्ण' लिहू नका. लिहा: आम्लयुक्त कागदावर छापलेले, सामू तपासला नाही, स्कॅनची पानं मोजली नाहीत, दुसरी प्रत महाराष्ट्रात कुठे आहे याची चौकशी केली नाही. आणि त्याखाली अध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथपाल यांनी आपापल्या पूर्ण नावाने सह्या कराव्यात. टिकाऊ कागदावर.